आस्ते कदम अंदलुस

तीन वर्षांपूर्वी आम्ही अम्मीला युरोप दाखवून आणलं. एका प्रवासी कंपनीची सहल होती, दहा दिवसांत सात देश. परतल्यावर नातेवाईक भेटायला आले. कोणीतरी विचारलं, ‘‘अम्मीजान, काय काय पाहिलंत?’’ अम्मी हसून म्हणाली, ‘‘बसच्या खिडकीतून सगळं पाहिलं बेटा. पण दहा दिवसांत एकदाही कुठल्या झाडाखाली बसले नाही.’’

सगळे हसले. आम्हा नवरा-बायकोला मात्र ते बोलणं लागलं. कारण खरंच तसं झालं होतं. पॅरिसमध्ये चाळीस मिनिटं मिळाली होती. गुडघ्यांमुळे अम्मी बसमध्येच बसून राहिली आणि आम्ही धावत जाऊन फोटो काढून आलो. जोहर कधी पेट्रोल पंपाच्या मागे, तर कधी पार्किंगमध्ये. दोनदा तर असर कजा झाली. त्या सफरीचे हप्ते आम्ही पुढे वर्षभर फेडले, आणि फेडताना दर महिन्याला तेच आठवायचं.

गेल्या ऑक्टोबरात आम्ही पुन्हा निघालो. या वेळी कंपनी नाही, सात देश नाहीत. एकच देश, तीन शहरं, दहा रात्री. शहरातून शहरात रेल्वेने आणि शहरात पायी. माणसं चार: आम्ही दोघं, नववीतली लेक आणि अडुसष्ट वर्षांची अम्मी. अम्मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या उर्दू शाळेत शिक्षिका होती. इतिहासाच्या तासाला ती मुलांना अंदलुसच्या गोष्टी सांगायची. कुर्तुबा, गर्नाता, कस्र-अल-हमरा ही नावं आमच्या घरात मामा-खालांच्या नावांसारखी घेतली जायची. म्हणून देश ठरवायला वेळ लागला नाही. स्पेन.

निघताना अम्मीने एकच इच्छा बोलून दाखवली. ‘‘कुर्तुब्याच्या मशिदीत दोन रकात पढायच्या आहेत.’’

ती मशीद आता कॅथेड्रल आहे, तिथे नमाजला मनाई आहे, हे आम्हाला माहीत होतं. अम्मीलाही माहीत असणार. पण त्या वेळी कोणीच काही बोललं नाही.

माद्रिदची भिंत

सुरुवात माद्रिदपासून केली. युरोपातल्या राजधान्यांमध्ये हे शहर आपल्यासाठी वेगळं आहे, कारण ते वसवलंच मुसलमानांनी. नवव्या शतकात कुर्तुब्याचा अमीर मुहम्मद पहिला याने उत्तरेच्या सरहद्दीवर इथे एक किल्ला बांधला. गावाचं नाव पडलं मजरीत, त्याचं पुढे माद्रिद झालं. राजवाड्याशेजारच्या आल्मुदेना कॅथेड्रलच्या पायथ्याशी त्या जुन्या तटबंदीचा तुकडा आजही उभा आहे. शेजारच्या बागेला अमीर मुहम्मदचंच नाव आहे. ‘आल्मुदेना’ हा शब्दही अरबी ‘अल-मुदैना’वरून आला, म्हणजे छोटा गढीचा भाग. तिथे गर्दी नव्हती. अम्मीने हात लावून भिंत पाहिली आणि म्हणाली, ‘‘बिस्मिल्लाह झाली.’’

मुक्काम अतोचा स्थानकाजवळ ठेवला होता. त्याचे दोन फायदे झाले. एक म्हणजे पुढची गाडी तिथूनच सुटते, त्यामुळे सामान ओढत शहर पार करावं लागत नाही. दुसरा, लावापिएस ही वस्ती चालत जाण्याइतकी जवळ आहे. तिथे बांगलादेशी लोकांची बरीच दुकानं आणि खानावळी आहेत. पहिल्याच रात्री डाळ, भात आणि हलाल मुर्गी मिळाल्यावर अम्मीचा चेहरा खुलला. घरून सुके सोडे न्यायला आम्ही मनाई केली होती, वासापायी. ती नाराजी त्या रात्री संपली.

जुम्याची नमाज एम-३० रस्त्यालगतच्या इस्लामी केंद्रात पढली. १९९२ साली उघडलेली ही पांढरी वास्तू युरोपातल्या मोठ्या मशिदींपैकी एक आहे. नमाजनंतर आम्ही घाई केली नाही, अंगणातच बसून राहिलो. मोरोक्को, सेनेगल, पाकिस्तान, कुठकुठले लोक. अम्मीला मराठी बोलणारं कोणी भेटलं नाही, पण सलामला जवाब देणारे शंभरजण भेटले.

पावणेदोन तासांची गाडी

माद्रिद ते कोर्दोबा हे अंतर ‘आवे’ नावाची वेगवान गाडी सुमारे पावणेदोन तासांत कापते. माद्रिद-सेव्हिल हा स्पेनचा पहिला वेगवान रेल्वेमार्ग, १९९२ मध्ये सुरू झालेला. कोर्दोबा त्याच वाटेवर आहे. गाडी ताशी तीनशे किलोमीटरपर्यंत धावते, पण आत बसल्यावर कळतसुद्धा नाही. अतोचाच्या जुन्या लोखंडी छताखाली आता झाडांची बाग आहे, ताडामाडांची. अम्मी तिथल्या बाकावर टेकली. ‘‘हे पहिलं झाड,’’ ती म्हणाली. तेव्हा आम्हाला कळलं की ती मोजते आहे.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. या गाड्यांना चढण्याआधी विमानतळासारखी सामानाची तपासणी होते आणि फलाटाचा आकडा सुटण्याच्या थोडंच आधी फलकावर लागतो. अर्धा तास हातात ठेवून जावं. आपल्याकडे गाडी लागली की धावायची सवय असते. इथे रांग शांतपणे सरकते आणि गुडघे दुखणाऱ्या माणसालाही ती जमते.

खिडकीतून आधी ला मांचाचं सपाट माळरान दिसतं, मग सिएरा मोरेनाचे डोंगर आणि बोगदे. डोंगर उतरलं की ऑलिव्हची झाडं सुरू होतात. लेकीच्या हातात स्पॅनिश शब्दांची वही होती. तेलाला आसेइते, म्हणजे अरबी ‘अझ-झैत’. तांदळाला आर्रोस, म्हणजे ‘अर-रुझ’. उशीला आल्मोआदा, म्हणजे ‘अल-मिखद्दा’. गावच्या महापौराला म्हणतात आल्काल्दे, तो मुळात ‘अल-काझी’. जकातीच्या नाक्याला आदुआना, तो ‘अद-दीवान’. काझी आणि दिवाण हे शब्द मराठीतही आहेत, तिकडून इकडे वेगळ्या वाटेने आलेले. आणि ‘असं झालं तर बरं’ या अर्थी स्पॅनिश माणूस म्हणतो ‘ओहाला’, त्याच्या मुळाशी अल्लाहचं नाव आहे. लेक म्हणाली, ‘‘म्हणजे हे लोक दिवसातून कितीदा आपलं बोलतात आणि त्यांना माहीतही नाही!’’ अम्मी म्हणाली, ‘‘आपणही मराठीत किती जणांचं बोलतो, आपल्याला तरी कुठे माहीत असतं?’’

अंगण, मग मशीद

कोर्दोब्यात चार रात्री होत्या. स्थानकापासून जुन्या शहरापर्यंत झाडांच्या सावलीतून पायी पाऊण तास लागला. खरं तर वीस-पंचवीस मिनिटांची वाट आहे, पण आम्ही दोनदा बसलो.

पहिल्या संध्याकाळी आम्ही मशिदीत गेलोच नाही. स्पेनमध्ये तिला ‘मेस्किता’ म्हणतात, मशीद या शब्दाचंच ते रूप. तिच्यासमोरचं संत्र्यांचं अंगण सगळ्यांना खुलं असतं, तिकीट लागत नाही. एकेकाळी इथे वुजूची सोय होती. आज रांगेत लावलेली नारिंगाची झाडं आहेत, त्यांच्या बुंध्यांना पाणी देणारे दगडी पाट आहेत आणि कारंजी आहेत. जुना मिनार मोडला नाही, त्याच्याभोवती घंटेचा मनोरा बांधला गेला. अम्मी कारंज्याच्या कडेला तासभर बसली. काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे फजर. ऑक्टोबरात तिथे फजर सात वाजता होते आणि सूर्य सव्वाआठनंतर उगवतो, कारण स्पेनचं घड्याळ सूर्याच्या बरंच पुढे असतं. त्याचा एक फायदा होतो. सोमवार ते शनिवार सकाळी साडेआठ ते साडेनऊ मेस्कितेत प्रवेश मोफत असतो आणि त्या वेळी मोठे गट सोडत नाहीत. नमाज पढून, चहा घेऊन आम्ही आरामात पोहोचलो.

आत शिरल्यावर जे दिसतं ते फोटोत येत नाही. साडेआठशेहून अधिक खांब आणि त्यांच्यावर लाल-पांढऱ्या दुहेरी कमानी. अब्दुर्रहमान पहिला याने आठव्या शतकाच्या अखेरीस हे काम सुरू केलं. बरेचसे खांब जुन्या रोमन आणि व्हिसिगॉथ इमारतींमधून आणलेले होते आणि ते ठेंगणे पडत होते. छत उंच हवं म्हणून कारागिरांनी कमानीवर दुसरी कमान चढवली. लाल ते विटांचं, पांढरं ते दगडाचं. पुढच्या दोनशे वर्षांत तीनदा मशीद वाढली. अल-मन्सूरने केलेल्या शेवटच्या वाढीत नीट पाहिलं, तर विटा नाहीत, लाल पट्टे नुसते रंगवलेले आहेत. आम्ही हळू चाललो म्हणून हे लेकीच्या लक्षात आलं.

मिहराबासमोर कठडा आहे. पलीकडे सोनेरी काचांचं काम. त्यासाठी बायझंटाइन सम्राटाने कारागीर आणि काचांचे तुकडे पाठवले होते, असं इतिहासकार सांगतात. म्हणजे एका ख्रिस्ती बादशहाने मशिदीच्या मिहराबासाठी भेट पाठवली होती. इक्बाल १९३३ मध्ये इथे येऊन गेले, आणि त्यांची कुर्तुब्याच्या मशिदीवरची नज्म अम्मीने कितीतरी मुलांकडून पाठ करून घेतली होती.

अम्मी कठड्यापाशी उभी राहिली. आमची छाती धडधडत होती. दोन पावलांवर पहारेकरी होता. अम्मीने हात बांधले असते, तर काय करायचं होतं? अडवायचं? अम्मीला?

तिने हात बांधले नाहीत. ओठ हलत होते, दरूद पढत होती बहुधा. मग ती वळली आणि विचारलं, ‘‘बसायला कुठे मिळेल?’’

बसायला बाकं होती ती इमारतीच्या मधोमध, कॅथेड्रलच्या भागात. १२३६ मध्ये शहर पडलं तेव्हा मशिदीचं चर्च झालं आणि १५२३ पासून खांबांच्या रांगा मधोमध तोडून उंच कॅथेड्रल उभारलं गेलं. शहराच्या नगरसभेचाही त्या तोडफोडीला विरोध होता. त्या बाकावर अम्मी बसली. लेकीचे डोळे भरून आले होते. ‘‘दादी, हे आपलं होतं ना? मग आपल्याला दोन रकातही पढू देत नाहीत?’’

अम्मीने लगेच उत्तर दिलं नाही. ‘‘उद्या सांगते,’’ म्हणाली. शाळेतल्या बाईंची सवय.

त्या दिवशी जोहरला आम्ही प्लाझा दे कोलोनच्या बागेतल्या छोट्या मशिदीत गेलो. चार-पाच सफांची जागा असेल. अम्मीने तिथे जोहर आणि असर जोडून पढली, आम्ही शाफई असल्याने सफरीत तशी सवलत आहे. मग उठून आणखी दोन रकात नफिल पढली. बाहेर आल्यावर चपला घालताना म्हणाली, ‘‘कुर्तुब्यातच पढले ना? शहर तर तेच आहे.’’

कोणी पाडलं?

तिसऱ्या दिवशी बसने मदीनत-उझ-झहराला गेलो. शहराच्या पश्चिमेला आठेक किलोमीटरवर, डोंगराच्या उतारावर. खलिफा अब्दुर्रहमान तिसरा याने ९३६ मध्ये ही राजनगरी बांधायला घेतली. आज तिचा जेमतेम दहावा भाग खणून झाला आहे. खाली वस्तुसंग्रहालय आहे, तिथून छोटी बस वर नेऊन सोडते. बाकीचं उतरत पाहायचं, त्यामुळे गुडघ्यांना चढ पडत नाही.

मोडक्या कमानींसमोर अम्मीने लेकीला विचारलं, ‘‘हे कोणी पाडलं?’’

‘‘ख्रिश्चनांनी?’’

‘‘नाही बेटा. हे आपण पाडलं. १०१० च्या आसपास खिलाफतीसाठी आपसांत लढाई पेटली, त्यात मुसलमान फौजांनीच हे लुटलं आणि जाळलं. बांधून शंभर वर्षंही झाली नव्हती. १०३१ मध्ये खिलाफत संपली आणि एका अंदलुसची वीस-पंचवीस राज्यं झाली.’’

मग संध्याकाळी शहराच्या तटाशी इब्न रुश्दचा पुतळा आहे तिथे गेलो. पुढे यहुदी वस्तीत मैमोनिदीसचा पुतळा. दोघेही याच शहरात, बाराव्या शतकात जन्मले. इब्न रुश्द काझी होता, हकीम होता, युरोपला अरस्तू समजला तो बऱ्याच अंशी त्याच्या टीकांमधून. अम्मीने सांगितलं की म्हातारपणी त्याला शहरातून हाकललं आणि त्याची पुस्तकं जाळली ती इथल्याच लोकांनी, त्याच्याच दीनच्या सत्तेने. मैमोनिदीसच्या कुटुंबालाही घर सोडावं लागलं होतं.

‘‘काल तू विचारलंस, आपलं होतं ना,’’ अम्मी म्हणाली. ‘‘होतं. ते गेल्याचं दुःख मलाही आहे. काल मिहराबासमोर माझाही गळा दाटला. पण नुसतं ‘आपल्याकडून घेतलं’ एवढंच घेऊन घरी जाऊ नकोस. आपण काय राखलं नाही, तेही घेऊन जा. आणि ज्यांनी मशीद घेतली, त्यांनी ते खांब पूर्ण पाडले नाहीत, म्हणून आज तू पाहतेस. तेही लिही तुझ्या वहीत.’’

आम्ही दोघं बाजूला उभे होतो. एवढं बोलणं त्या आधीच्या सहलीत कुठे झालं असतं? चाळीस मिनिटांत?

सोडून दिलेलं शहर

चौथ्या दिवशी सेव्हिलला जाऊन यायचं ठरलं होतं. गाडीने पाऊण तास. आपलं इश्बीलिया. तिथला हिराल्दा मनोरा म्हणजे बाराव्या शतकातल्या मशिदीचा मिनार. त्यात पायऱ्यांऐवजी उतरण आहे, मुअज्जिन घोड्यावर बसून वर जात असे म्हणतात. आम्हाला वाटलं, पायऱ्या नाहीत म्हणजे अम्मीलाही जमेल.

सकाळी अम्मीचा उजवा गुडघा सुजला होता. जुन्या गल्ल्यांमधली गोट्यांची फरसबंदी दिसायला सुंदर, पण पायाला त्रासदायक. अम्मी म्हणाली, ‘‘तुम्ही जाऊन या, मी खोलीत थांबते.’’ पुन्हा तीच बस, तीच खिडकी. आम्ही तिकिटं सोडून दिली. पैसे गेले.

त्या दिवशी आम्ही रोमन पुलाजवळ नदीकाठी बसलो. ग्वादालकिवीर, म्हणजे ‘अल-वादी-अल-कबीर’, मोठी नदी. काठावर जुन्या पाणचक्क्यांचे अवशेष आहेत, त्यांत बगळे राहतात. लेकीने बर्फ आणून दादीचा गुडघा शेकला. दुपारी तळलेली वांगी खाल्ली, वरून उसाची काकवी घातलेली. कोकणातल्या माणसाला काकवी परक्या देशात भेटली याचं केवढं कौतुक! आमच्या दहा दिवसांतला तो सगळ्यांत बरा दिवस होता, हे आम्हाला घरी आल्यावर कळलं.

गर्नात्याचं पाणी

कोर्दोबा ते ग्रानादा रेल्वेने साधारण दीड-दोन तास. २०१९ पासून वेगवान गाड्या थेट ग्रानादापर्यंत जातात. वाटेत डोंगरच्या डोंगर ऑलिव्हने भरलेले.

अलहम्राची तिकिटं आम्ही दोन महिने आधी काढली होती. ती पासपोर्टच्या नावावर असतात आणि त्यातल्या नासरी राजवाड्यांत शिरायची वेळ तिकिटावर छापलेली असते. ती वेळ चुकली तर आत सोडत नाहीत. एवढी एकच गोष्ट घड्याळ लावून करायची. शहराच्या मध्यातून छोट्या बसगाड्या थेट वर जातात, म्हणून अम्मीला चढ लागला नाही.

राजवाड्यात शिरल्यावर लेक एका भिंतीसमोर थांबली. मकतबात कुरआन शिकलेली मुलगी, अक्षरं जुळवू लागली. मग मोठ्याने वाचलं, ‘‘वला गालिब इल्लल्लाह!’’ अल्लाहशिवाय कोणी विजेता नाही. नासरी घराण्याचं हे ब्रीद भिंतींवर अगणित वेळा कोरलेलं आहे. आजूबाजूचे दोन-तीन प्रवासी वळून पाहू लागले. एका गोऱ्या आजोबांनी खुणेने विचारलं, तुला वाचता येतं? लेकीने बोट ठेवून अक्षर-अक्षर दाखवलं. नंतरचा अर्धा तास ते आमच्यासोबतच चालत होते.

अम्मीने त्या ब्रीदाचा इतिहासही सांगितला. हे घराणं उभं करणारा इब्न-अल-अहमर कास्तिलच्या राजाचा मांडलिक होता, १२४८ मध्ये सेव्हिल जिंकायला त्याने त्या राजाला फौज दिली. तरीही त्याच्या वंशाने आणखी अडीचशे वर्षं गर्नाता सांभाळलं. २ जानेवारी १४९२ रोजी अबू अब्दुल्लाहने किल्ल्या सोपवल्या. तहात मुसलमानांना दीन पाळू देण्याचं वचन होतं. ते काही वर्षांतच मोडलं गेलं आणि १६०९ ते १६१४ मध्ये उरलेल्या मोरिस्को लोकांना देशाबाहेर घालवलं. हे सांगताना मात्र अम्मीचा आवाज हलला. या वेळी तिने तो लपवला नाही.

सिंहांचं अंगण, आरशासारखे हौद, जनरालीफेची बाग, सगळीकडे वाहतं पाणी. हे पाणी दार्रो नदीतून सुमारे सहा किलोमीटर लांबीच्या पाटाने आणलेलं आहे. स्पॅनिशमध्ये त्या पाटाला आसेकिया म्हणतात, अरबी ‘अस-साकिया’. अम्मी पाटाच्या काठावर बसून पाण्यात बोटं बुडवत म्हणाली, ‘‘हा तर आपल्या वाडीतला पोफळीचा पाट!’’

शेवटच्या संध्याकाळी आल्बाइसिनच्या टेकडीवर गेलो. तिथे २००३ मध्ये उघडलेली मशीद आहे. पाचशे वर्षांनी गर्नात्यात बांधलेली. तिच्या बागेतून समोर अलहम्रा दिसतो, मागे सिएरा नेवादाचे डोंगर. बाग सगळ्यांना खुली असते, बरेच गैरमुस्लिम पाहुणे तिथे येऊन बसतात. मगरिबला मुअज्जिनने मिनारवरून अजान दिली, लाऊडस्पीकरविना, नुसत्या आवाजाने. अम्मीच्या शेजारी सफेत एक स्पॅनिश बाई उभी होती, अम्मीच्याच वयाची. नमाजनंतर दोघींनी एकमेकींचे हात धरले. एकीला स्पॅनिश, एकीला उर्दू-मराठी. सलाम आणि अल्हम्दुलिल्लाह एवढ्यावर दोघी दहा मिनिटं बोलत होत्या.

तुम्ही जाणार असाल तर

ऑक्टोबर किंवा मार्च-एप्रिल निवडा. उन्हाळ्यात कोर्दोब्याचा पारा चाळिशीच्या पुढे जातो. शेंगेन व्हिसासाठी मुक्कामाची बुकिंग, बँकेचा हिशेब आणि किमान तीस हजार युरोंचा प्रवास विमा लागतो, म्हणून तयारी तीन-चार महिने आधी सुरू करा. रेल्वेची तिकिटं आधी काढली की स्वस्त पडतात. साठीच्या पुढच्यांसाठी ‘रेन्फे’ या रेल्वेचं सवलतीचं कार्ड मिळतं. एका शहरात किमान तीन रात्री ठेवा आणि खोली स्थानकाच्या किंवा जुन्या शहराच्या चालण्याच्या टप्प्यात घ्या. दिवसाला एकच मोठी वास्तू.

खाण्यात डोळे उघडे ठेवा. ‘हामोन’ आणि ‘सेर्दो’ म्हणजे डुकराचं मांस, ‘मांतेका’ म्हणजे बहुतेकदा त्याचीच चरबी, आणि ती काही बिस्किटांतही असते. मसुराच्या साध्या सूपमध्ये सॉसेजचे तुकडे असू शकतात, गार टोमॅटो सूपवर हामोन भुरभुरतात. ‘सिन सेर्दो’, ‘सिन आल्कोओल’ हे दोन शब्दप्रयोग पाठ करा. मासे, बटाट्याचं ऑम्लेट, वांगी आणि फळं यांवर पोट छान भरतं. हलाल खानावळी तिन्ही शहरांत आहेत. युरोपात घरून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, खजूर आणि चिवडा न्या.

नळाचं पाणी पिता येतं. तहारतीसाठी एक रिकामी बाटली पिशवीत ठेवा, तिथल्या शौचालयांत पाण्याची सोय नसते. हलकी जानमाज, नमाजच्या वेळा आणि किबला दाखवणारं अॅप सोबत असू द्या. किबला तिथून साधारण पूर्वेला येतो. कसर आणि जमा यांबाबत आपापल्या मसलकाच्या आलिमांना निघण्याआधी विचारून घ्या. आणि नवे बूट घालून जाऊ नका, पायात मुरलेले, जाड तळव्याचे घाला.

खर्च? आमच्या चौघांचा विमानासकट खर्च त्या सात देशांच्या सहलीपेक्षा कमी झाला. ती सहल तिघांची होती.

घरी आल्यावर पुन्हा नातेवाईक जमले, पुन्हा तोच प्रश्न. अम्मीने या वेळी देशांची यादी दिली नाही. अतोचाचं ताडाचं झाड, अंगणातलं नारिंग, नदीकाठची सावली, पाटाकाठचं सरू, मशिदीच्या बागेतलं झाड, असं बोटांवर मोजत गेली. लेकीने मध्येच आठवण करून दिली, ‘‘दादी, इश्बीलिया राहिलं.’’

‘‘राहू दे की,’’ अम्मी म्हणाली. ‘‘पुन्हा जायला काहीतरी निमित्त नको? गुडघा बरा झाला की, इन्शाअल्लाह.’’

आम्ही घरात एक डबा ठेवला आहे. महिन्याला जमेल तेवढे त्यात टाकतो.